कोरडी पाळ

धानाला पाणी पुरवणाऱ्या छोट्या तळ्याच्या, बोडीच्या, मातीच्या पाळी बांधणं हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्यांचं काम. माझा बाप शाळेत गेला नाही, पण हातात ढेकूळ चुरून ही माती पाणी धरेल की नाही ते सांगायचा. मी घरातला पहिला बी. ए. हे मी आजही छाती फुगवून सांगतो. त्या आश्विनात मात्र तेच बी. ए. मी खोटं बोलायला वापरलं.

धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि आमच्या बोडीची पाळ खालच्या अंगाने पाझरू लागली. सरकारी ओव्हरसियर पाहणीला येणार होते. त्यांना ओल दिसली असती तर त्यांनी बोडी रिकामी करायला लावली असती, आणि धान उभ्याउभ्या वाळलं असतं. बापाने ओली माती खरडली, कोरडा मुरूम चोपला, वर हरळीचे गड्डे असे बसवले की सांधा मलाही सापडेना. इतकं देखणं काम मी त्याच्या हातचं पाहिलं नव्हतं.  पण पाणी आतच कोंडलं होतं, पाळ कधीही फुटली असती.

ओव्हरसियरने छडी टोचून पाहिली. मग मला हिंदीत विचारलं, तुम्ही पढेलिखे आहात, पाझर वगैरे नाही ना? बापाने आधीच बजावून ठेवलं होतं. मी नाही म्हणालो. जीप सडक अर्जुनी गावाकडे निघून गेली.

दुपारी बाप पाळीखालच्या गोठ्यातले बैल सोडताना दिसला. मी धावत त्याच्यापाशी गेलो.

“काऊन बैल काहाडून रायला, बा?”

“उगाच. चारतो जरा.”

“चारा तं गव्हाणीत पडला आहे.” तो कासरा ओढतच राहिला. मी म्हणालो, “माय खाली धानात गवत कापून रायली. तिले कोन काहाडन?”

त्याने कासरा टाकला. “एवढा शिकला कायले तू? साहेबाले तवाच सांगाचं होतं.”

भांडायला वेळ नव्हता. तो पाळीवर चढून पाणी सोडायच्या तुडुमाचे लाकडी दट्टे उपसू लागला, मी हाका मारत धानात धावलो. साप निघाला का, म्हणून माय हसली. मी तिचा हात ओढत तिला वर सडकेवर आणलं. तिथून दिसलं, बापाची हिरवी हरळी एका जागी फुगून आली होती. आम्ही तिच्यावरून नजर हलवली नाही.

सांजेपर्यंत पाणी उतरलं. पाळ टिकली, धान मात्र निम्मं पोचट निघालं.  त्यानंतर पाळीखाली उतरायचं झालं की माय आधी मला पाळीवर नजर ठेवायला वर उभं करायची.