चुलतभाऊ की मामेभाऊ

भुकूमला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायची. हिंजवडीच्या एका कंपनीत होती, पण बहुतेक दिवस घरूनच काम करायची. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं आमच्या टीव्हीवर तिचं अकाउंट जोडून दिलं आणि इंग्लंडमधल्या जुन्या काळच्या मालिकांची एक यादीच लावून ठेवली. "काकू, काही समजलं नाही तरी चालेल. नुसतं बघत राहा. बरं वाटतं."

समजत नव्हतंच. मी पुण्यात वाढलेली, बी.ए. झालेली, पण ते इंग्रजी कानाला लागायचं नाही. खाली येणारी अक्षरं वाचावीत तर तोवर वरचे चेहरे निघून गेलेले. सगळे पुरुष कल्लेवाले, सगळ्या बायकांचे केस मधोमध भांग पाडून बांधलेले. एका मालिकेत मी चार भाग नोकराला मालक समजत होते. पण बरं वाटायचं हे खरं. कुणी वरच्या पट्टीत बोलत नाही. भांडण झालं तरी पत्र लिहून होतं, आणि ते पत्र घेऊन माणूस घोड्यावरून हिरव्या माळावरून चाललेला असतो. बाहेर पौड रोडला गाड्यांचे हॉर्न चालू असायचे, आणि मी दिवाणावर पाय लांब करून तो माळ बघत बसायची. त्यात इतकं बरं वाटण्यासारखं काय होतं, ते मला सांगता आलं नसतं.

त्याच महिन्यात आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, घोटावड्याला दिलेली. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. रस्त्याकडचं वावर आणि ओढ्याकडची भाताची खाचरं, दोन्हींवर आता ह्यांचं आणि आक्काचं नाव लागलं होतं. रस्त्याकडच्या वावरासाठी एक बिल्डर मागं लागला होता, म्हणून आक्कानं दोन्हींवरचा हक्क सोडल्याचा कागद करून द्यायचा, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे ह्यांनी फोन केला आणि ती "येते" म्हणाली. आमच्याकडे बहिणी असंच करतात. माझ्या माहेरी मीही केलं होतं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

एका दिवसाचं काम होतं. पण आक्काच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकीचं निघालं. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबावं लागणार होतं. "मग ऱ्हाते की चार दिस," आक्का म्हणाली. "बापाचं घर हाय."

चाराचे नऊ दिवस झाले. पहिल्या दुपारी ती माझ्या शेजारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली आणि टीव्हीकडे बघून म्हणाली, "ही कोण रडतीया?"

मी सांगितलं. बाप वारला होता, दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. म्हणून ते भलंमोठं घर मुलींना मिळणार नव्हतं, एका लांबच्या भावाला जाणार होतं.

"भाऊ म्हंजी? चुलत का मामेभाऊ?"

खाली अक्षरांत नुसतं 'कझिन' लिहिलेलं. मी म्हटलं, "ते सांगत नाहीत, आक्का. त्यांच्यात सगळ्यांना एकच शब्द."

"असं कसं? माणूस कोण ते कळाया नगं?"

संध्याकाळी भाडेकरू मुलगी खाली आली तेव्हा आक्कानं तिलाही विचारलं. तिनं मोबाईलवर शोधलं, तिलाही सापडलं नाही. शेवटी आक्कानंच निकाल लावला. घर बापाच्या बाजूचं, आडनावही एकच, म्हणजे चुलतच. दुसऱ्या दिवशी त्या भावानं थोरल्या मुलीला लग्नाचं विचारलं, आणि आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"भावकीतच?"

"त्यांच्यात चालतं."

तिनं ती शेंग सोलली आणि म्हणाली, "म्हंजी बापाच्या घरात ऱ्हायाचं तर त्याच्याशीच लगीन लावायचं. न्हाईतर भाईर."

त्या मुलीनं नकार दिला. सामान बांधताना धाकटी बहीण जिन्यावर बसून राहिली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदरानं पुसलं. आक्का माझ्याकडे बघत होती, टीव्हीकडे नाही.

"वैनी, तुमी का रडताय?"

तिच्या सहीचा कागद आतल्या कपाटात होता, मीच ठेवला होता. तो कागद व्हावा असं मला मनापासून वाटत होतं. आमच्या मुलाला त्या वावरावर फ्लॅट मिळणार होता. आणि मी परक्या मुलकातल्या खोट्या मुलींसाठी रडत होते.

"त्यास्नी निदान सही तरी मागितली न्हाई," आक्का म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली. हे ती रागानं म्हणाली, गमतीनं की नुसतंच, ते मला आजही ठरवता येत नाही.

आधार दुरुस्त होऊन आलं. आम्ही तिघं पौडला रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. साहेबांनी कागद वाचून नेहमीचा प्रश्न विचारला, "स्वखुशीने देताय ना, मावशी?" आक्कानं भावाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला की दोन्ही दिसतं.

"आज नगं," ती म्हणाली. "मला इचार करू दे."

येताना तिला घोटावड्याला सोडलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "नऊ दिवस ती तुझ्याजवळ बसली होती. काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. मालिका बघत होतो."

"मग ती अशी का वागली?"

"मला माहीत नाही." ते खरंच होतं, पण माझं मलाच ते लबाडीचं वाटलं. पुढचे कित्येक दिवस मी टीव्ही लावला नाही.

अडीच महिन्यांनी आक्काचा फोन आला, मला नाही, ह्यांना. रस्त्याकडच्या वावरावरचा हक्क ती सोडणार होती. ओढ्याकडच्या खाचरांवर मात्र तिचं नाव राहू द्यायचं. दोन दिवस हे धुसफुसले आणि मग "राहू दे" म्हणाले. ह्या वेळी सही पाच मिनिटांत झाली. साहेबांनी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघेल म्हणून मी खाली बघत उभी होते. तिनं बघितलंच नाही.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी झाडाखाली थांबलो होतो. मी धीर करून विचारलं, "आक्का, ती मालिका बघून तुमच्या मनात आलं का हे?"

"कुठली मालिका?" ती म्हणाली. मग आठवून हसली. "न्हाई वो. ती बाई खुळी व्हती. चांगलं घर हाताशी आलं व्हतं."

"मग?"

"मग काय. आमच्या लेकीनं सांगितलं, समदं देऊ नगंस."

मला हायसं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. माझ्यामुळं झालं नाही म्हणून हायसं, की माझ्यामुळं झालं नाही म्हणून वाईट, यात मी अजून गोंधळते.

रस्त्याकडच्या वावरात आता पाया खणलाय. आक्का भात काढायला येते, तिच्या वाटणीचं पोतं घेऊन जाते. मागच्या खेपेला दुपारी जेवल्यावर म्हणाली, "लावा की ते तुमचं विंग्रजी." लावलं. नवीन होतं, एका गावातल्या डॉक्टरचं. पहिल्याच भागात एक बाई कुणा पाहुण्याच्या गळ्यात पडली.

"ह्यो कोण तिचा?" आक्कानं विचारलं.

मी वाचायच्या आत खालची अक्षरं निघून गेली होती.