नाडी घालणारी बाई

संस्थेची पहिली खिचडी मी एकाच हाताने घेतली, कारण दुसऱ्या हाताने परकर धरला होता.

तेव्हा आम्ही उलव्याला बांधकामावर होतो. मी वाशिमकडची, सातवीत शाळा सुटलेली. भरतीचं पाणी झोपड्यांत शिरलं आणि विचुंब्याचे एक काका टेम्पोभर जुने कपडे घेऊन आले. काका, टेम्पो आणि खिचडीचं एक पातेलं, एवढीच संस्था. मला मिळालेला परकर चांगला होता, फक्त त्याला नाडी नव्हती. तसं बोलून गेले आणि घाबरले. फुकटचं घ्यायचं आणि वर खोड काढायची!

"आमी सगळं बाप्ये, आमच्या ध्यानात कसं येल?" काका म्हणाले. "तुला घालता येते?"

"येते."

"मग उद्यापासून ये."

पुढे टेम्पोचे ट्रक झाले, काकांच्या गोठ्याचं गोदाम झालं, गोदामावर ऑफिस चढलं, ऑफिसात एसी आला आणि एसीत मॅडम आल्या. पातेलं काचेच्या कपाटात गेलं. भुकेल्यांसाठी फॉर्म निघाला.

मॅडम स्वभावाने चांगल्या. "ताई, आता जुने कपडे बंद. नवे, सीलबंद किट येणार. मग तुमचं काम काय उरतं, सांगा ना."

नवऱ्याचं काम आधीच सुटलं होतं. माझंही गेलं की परत गावी, हे ठरलेलं.

"एक पाकीट उघडून बघू का?" मी विचारलं.

"सील तुटलं तर ते पाकीट हिशेबात वाटलं असं धरत नाहीत, ताई."

त्याच आठवड्यात न्हावा शेवाच्या रस्त्याला काही झोपड्या जळाल्या. आम्ही साडी-परकराचे किट वाटले. देणगीदारांसाठी फोटो हवा होता, म्हणून बायकांना नव्या साड्या नेसून यायला सांगितलं. ताडपत्रीमागून त्या एकेक करून आल्या.

"दोन्ही हात वर करा! आनंद दिसू दे!" फोटोवाला ओरडला.

सगळ्यांनी एकेकच हात वर केला.

"इतक्या दुःखात आहेत का?" मॅडम माझ्या कानाशी कुजबुजल्या.

पुढची म्हातारी फिसकन हसली. "आनंद झालाय गं बाई. पण हात सोडला तर सगळाच खाली येईल!"

मीही हसले, आणि लगेच भ्याले. पण पिशवीत नाड्यांची गुंडाळी आणि सेफ्टी पिन होतीच, सवयीने. ताडपत्रीमागे जाऊन एकेकीच्या परकरात नाडी ओवून दिली. मग फोटो झाला. अहवालात तो पहिल्या पानावर आहे, खाली 'सन्मान परत मिळाला' असं छापलंय. मी अर्थात ताडपत्रीमागे आहे.

मॅडमनी मला ठेवून घेतलं. पत्रात 'गुणवत्ता तपासनीस' लिहिलं आणि शिक्षणाचा रकाना रिकामा सोडला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता प्रत्येक खोक्यातलं एक पाकीट मला उघडायची परवानगी आहे. कारखानाही सुधारलाय, नाड्या घालूनच पाठवतो. ओळीने दहा पाकिटांत नाडी निघाली की माझ्या छातीत धडधडतं. एखाद्यात नसली की जीव भांड्यात पडतो.