डाव्या हाताचा ठेका

अमेरिकेत, नोव्हायला आमची घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडे राहायचे शहाऐंशी वर्षांचे पियानोवादक. रॉक अँड रोल नवं नवं होतं तेव्हा, ऐन विशीत, ते दक्षिणेतल्या बारमधून वाजवायला लागले. पुढे कितीतरी रेकॉर्डवर पियानो त्यांचा, पण कव्हरवर फोटो गायकाचा. मी त्यांना आजोबा म्हणायचे. नातवंडं नव्हती, त्यामुळे अर्थ कळल्यावर त्यांना ते फार आवडलं.

रोज सकाळी अर्धा तास ते नुसता डावा हात वाजवत. "उजवा हात लोकांना दिसतो, डावा त्यांना नाचवतो," म्हणायचे. नेमकी तेव्हाच माझी ऑफिसची मीटिंग. आधी मी जाम वैतागायचे, मग त्या ठेक्याशिवाय काम सुचेना.

त्या आठवड्यात ठेका चुकायला लागला. चालता चालता पाय अडखळावा तसा. बुधवारी जास्तच. शुक्रवारी हात मध्येच थांबला आणि पुढे काही ऐकूच आलं नाही. मी त्यांना विचारायला म्हणून उठले. पण शनिवारी दुपारी लायब्ररीत त्यांचा कार्यक्रम होता, कित्येक वर्षांनी पहिला. अशा वेळी अशुभ बोलायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. शनिवारी निघायच्या आधी मी दही-साखर घेऊन गेले.

"हे काय?"

"चांगल्या कामाला निघताना खायचं असतं, आजोबा."

त्यांनी चमचा तोंडात घातला. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून दही ओघळलं, त्यांना कळलंच नाही. मी टिश्यूने पुसलं आणि हसले. अँब्युलन्स बोलवायची सोडून मी मूर्खासारखी हसले!

लायब्ररीत दुसऱ्याच गाण्यात त्यांचा डावा हात पट्ट्यांवरून घसरून मांडीवर पडला. उजवा वाजवतच राहिला. लोकांना वाटलं, ही जुन्या काळातली अदा असणार. ते टाळ्या वाजवू लागले. मी ओरडत पुढे धावले तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

आजोबा वाचले, पण अर्धांगवायूने डावा हात गेला. आता सकाळी भिंतीपलीकडून एकट्या उजव्या हाताचे सूर येतात. मी मीटिंगला हेडफोन लावते.

परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला तर रोज ऐकू यायचं. त्या आठवड्यात काही वेगळं वाटलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मला वाटत होतं. डॉक्टरला फोन करणारही होतो. पण तू हसलीस, तेव्हा म्हटलं, काही नसेल."