मोगऱ्याचा ताण

दुपारी जेवून आडवी झाले आहे. झोप लागलेली नाही, आणि जाग म्हणावी तर तीही नाही. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. मनात मात्र कालचंच चाललं आहे. राग माणसाला झोपू देत नाही, फार तर डोळे मिटू देतो.

काल घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ मी वाटली, पन्हं मी केलं, मोगऱ्याच्या कळ्या मी तोडल्या आणि गजरेही मीच ओवले. बायका यायला लागल्या तशी माझी सून मृण्मयी हळूच म्हणाली, "आई, तुम्ही आत बसा ना. दमला असाल."

दमला असाल! हे गेले तेव्हापासून मी सारखी दमलेली असते, असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत आहे. गजऱ्यांचं तबक माझ्या नाकासमोरून बाहेर गेलं आणि रिकामं परत आलं. तेव्हाच मी माळ्याला फोन केला. उद्या उन्हं उतरली की कुदळ घेऊन ये. मोगरा, कुंद, सोनटक्का, सगळं मुळापासून काढायचं. त्या जागी क्रोटन, कोरफड, निवडुंग. बारा महिने टिकतात आणि फुलांची भानगड नाही. फूल नाही, गजरा नाही, अपमान नाही.

मागच्या अंगणात खुरप्याचा आवाज येतो. माळी भर उन्हात कसा आला, म्हणून मी उठते आणि अनवाणीच बाहेर जाते. फरशी भाजायला हवी, पण ती नुकती धुतल्यासारखी गार आहे.

मोगऱ्याच्या आळ्याशी गोदूवहिनी बसल्या आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई. ही सगळी बाग त्यांनी लावली. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. तेच विटकरी लुगडं, तेच कुंकवाविना कपाळ, तोच डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर.

"काय गं शरयू, कुदळ मागवलीस म्हणे?" वर न बघताच त्या विचारतात.

"मागवली. माझी बाग आहे आता."

"तुझी कशी? मी लावलेली आहे."

"लावलीत, आणि गेलात! मागे निस्तरायला मी!"

"ओरडू नकोस. झाडाला कान असतात."

"असू देत. ऐकू दे त्यालाही."

त्या खुरपं पुसून ठेवतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते, तर आम्ही खुर्च्यांवर बसलेल्या असतो. मंगल कार्यालय आहे, सनई चालू आहे, आणि खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये ओली माती आहे. लग्न माझंच आहे. ती तिकडे बोहल्यावर उभी आहे ती मीच, आणि माझ्या केसांत हातभर लांब गजरा आहे.

"छान ओवला होतात," मी म्हणते.

"साडेतीनशे कळ्या होत्या. बोटं सुजली होती माझी."

गजऱ्यांचं तबक फिरतं. चुलत सासवा, मामेनणंदा, शेजारणी, कुणाची तरी लहान मुलगी, सगळ्यांपुढे थांबतं. आमच्यापुढे येतं आणि थांबतच नाही. पस्तिशीही न गाठलेल्या गोदूवहिनी पदर सारखा करतात आणि म्हणतात, "पोळ्या बघते जरा." त्या आत जातात.

त्यांच्या पाठोपाठ मीही आत जाते. आत आमचंच स्वयंपाकघर आहे, फक्त ओट्याच्या जागी वाफा आहे आणि नळाखाली मोगऱ्याचं झुडूप उभं आहे. एकही पान नाही, नुसत्या काटक्या.

"मेलं," मी म्हणते.

"मरेल कशाला? ताण दिलाय. इतकी वर्षं बाग सांभाळतेस, एवढं कळत नाही?"

कळतं. त्यांनीच शिकवलं होतं. माघ लागला की मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायच्या, मुळं थोडी उघडी टाकायची. ह्याला ताण देणं म्हणतात. झाड घाबरतं आणि मग अंगभर कळ्या धरतं.

"मलाही ताणच देताहेत सगळे," मी म्हणते. माझा आवाज चढतो. "पानं तर ओरबाडून झाली. आता बहर येईल, नाही का? वाट बघते आहे!"

गोदूवहिनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघतात. मला वाटतं, आता जवळ घेतील. पण त्या संतापलेल्या आहेत.

"ताण पंधरा दिवसांचा असतो, शरयू. मग शेणखत घालायचं आणि आळं भरून पाणी सोडायचं. जो पाणी सोडायचं विसरला, त्याने ताण नाही दिला, झाड मारलं. मला जन्मभर कोरडं ठेवलं. आणि वर म्हणायचे, गोदू म्हणजे देवमाणूस! बघा, लोकांसाठी कशी फुलं फुलवते!"

"मीही म्हणायची."

"सगळेच म्हणायचे. देवमाणूस कसली? रागाने लावलं मी हे. उन्हाळ्यात मोगरा, पावसात जाई आणि सोनटक्का, थंडीत शेवंती, माघात कुंद, आणि मधल्या खिंडारात अबोली. वर्षाचा एक महिना मोकळा सोडला नाही. आळीतल्या एका बाईच्या डोक्यात माझ्याकडे मागितल्याशिवाय फूल जाता कामा नये, म्हणून! दारात येऊन म्हणायच्या, गोदाताई, दोन फुलं द्या ना. मी देत असे. मोजून दोन."

मला हसू फुटतं. त्या हसत नाहीत.

"मग एक तरी स्वतः का नाही माळलंत?"

नळ ठिबकतो.

"धीर झाला नाही," त्या म्हणतात. "एकदा हातात घेऊन आरशासमोर उभी राहिले होते. सासूबाईंची चाहूल लागली, तर तोंडात टाकलं आणि गिळलं. कडू लागतं गं."

मला रडू येतं. त्याहून जास्त, मला कुणाला तरी हाणावंसं वाटतं.

"रडू नकोस. आणि वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस. मोगऱ्याने काय केलंय तुझं? तू उपटलास तर त्या बाजारातून गजरे आणतील. त्यांचं काही अडणार नाही. तुला काय राहील? क्रोटन!"

क्रोटन हा शब्द त्या शिवीसारखा उच्चारतात.

काटक्यांना कळ्या आल्या आहेत. कधी आल्या, मी पाहिलं नाही. गोदूवहिनी पदराच्या काठातून एक दोरा ओढून काढतात आणि ओवायला लागतात, बघता बघता गजरा वीतभर होतो. मग तो माझ्या केसांकडे आणतात.

"नाही," मी म्हणते. "आधी तुम्ही."

"माझं काय आता?"

"मान पुढे करा, वहिनी."

त्या पदर मागे सारतात. त्यांचे केस इतके काळे होते, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी गजरा अंबाड्याभोवती फिरवते. दोऱ्याचं उरलेलं टोक लांब आहे, ते कुठे खोचावं कळेना, म्हणून मी बोटाला गुंडाळून ओढते.

ओढ बसते आणि मी डोळे उघडते.

पंखा बंद आहे, वीज गेली आहे. उशी ओली आहे. उजव्या हाताच्या बोटाभोवती विटकरी दोरा गुंडाळलेला आहे, काठाचा, जुना, पिळाचा. माझ्या घरात ह्या रंगाचं कापड नाही. मी तो सोडवते तेव्हा बोटावर वळ उरतो.

माळ्याला फोन करून सांगते, कुदळ नको, शेणखत घेऊन ये. मग मागे जाते. कालच्या तोडणीतून सुटलेल्या आणि आज भरलेल्या कळ्या मिळून ओंजळभर निघतात. पायरीवर बसून त्याच दोऱ्यात ओवते.

मृण्मयी दारात येते. "आज पुन्हा? कोणाकडे न्यायचाय का, आई?"

"कुणाकडे नाही. आकडा आण, आणि अंबाड्यात नीट खोच. मागे माझा हात पोचत नाही."

ती माझ्याकडे बघते, गजऱ्याकडे बघते, आणि तिच्या कपाळावर घाम येतो. मी मान पुढे करून बसते. वळून बघत नाही, समजूत घालत नाही. ती आणेपर्यंत मी अशीच बसणार आहे.