उजवीकडचं सगळं डावीकडे

आमच्या तंजावरच्या फोटो स्टुडिओत किस्से शोधावे लागत नसत. सकाळी शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत एखादा घडलेलाच असायचा, आणि त्यातले निम्मे अंबुजाक्काचे.

काळ्यापांढऱ्या फोटोंवर ब्रशने रंग भरण्यात अक्काचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मालक गोपाळरावांनी कॉम्प्युटर आणला आणि म्हणाले, "अक्का, दिवाळीपर्यंत शिका. नाही जमलं तर तिरुचीहून ऑपरेटर आणतो."

मी काउंटरवर होते. अक्काने नुसता चष्मा पुसला.

अडचण अशी की तिला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसे. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांची चौकट, लेयर्सची चौकट, झाडून सगळं स्क्रीनच्या उजव्या कडेला!

*

शिकवायला कॉम्प्युटर क्लासमधले सेल्वम सार यायचे. पहिल्याच दिवशी अक्काने एकेक चौकट माउसने ओढत डावीकडे नेली. सार घाबरले. "मॅडम, पुस्तकात उजवीकडे दाखवलंय."

"सरि, बरं," अक्का म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्याचे दोन्ही डोळे चांगले असतील."

*

दुपारी गोपाळरावांना त्याच मशीनवर हात साफ करायची हौस. सॉफ्टवेअरही असं, की शेवटी बसलेल्याचीच मांडणी लक्षात ठेवायचं. सकाळी अक्का बसली की रंग कोणीकडे आणि लेयर्स कोणीकडे!

तिने मॉनिटरच्या डाव्या कडेवर कुंकवाचे ठिपके लावले. रंगांना एक, लेयर्सना दोन. मालकांना बजावलं, "उठताना जिथलं तिथं."

पापनाशमची एक म्हातारी पासपोर्ट फोटोला आली. कुंकू बघून तिने चपला काढल्या आणि मॉनिटरला हात जोडले. अक्काने मानही वळवली नाही. "नमस्कार पोचला अम्मा. फोटो गुरुवारी."

*

काही दिवसांनी सेल्वम सार कुरकुरत आले. "अक्का, क्लासमध्ये माझा हात आपोआप डावीकडे जातो. पोरं हसतात."

"मग पोरांनाही डावीकडे आणा."

*

दिवाळी तोंडावर आली तसा गोपाळरावांचा धीर सुटला. अक्काला न सांगताच त्यांनी तिरुचीचा ऑपरेटर बोलावला.

अक्का तेव्हा ओरत्तनाडूच्या एका टीचरच्या वारलेल्या वडिलांचा फोटो दुरुस्त करत होती. घडी नेमकी चेहऱ्यावरून गेलेली, एक भुवई पार उडालेली. ती अर्धी भरून झाली होती.

ऑपरेटर हसत आत आला. "थोडं सरका, अक्का." माउस घेतला, कुठल्याशा मेनूत गेला, आणि सगळ्या चौकटी टपकन उजवीकडे. "आता बरोबर."

मी काउंटरवरून ताडकन उठले.

"तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "माणूस जेवत असताना त्याच्या पुढचं पान काढतात का तुमच्याकडे?"

त्याने माउस सोडला. अक्काने ठिपके बघत एकेक चौकट परत आणली आणि भुवई पुढे भरायला घेतली. गोपाळराव दारात उभे होते. भुवई पुरी होईपर्यंत ते हलले नाहीत.

मग मला म्हणाले, "याला कॉफी दे. आणि तिरुचीची बस किती वाजता आहे ते विचारून ये."