अक्काच्या मुक्या गाडीचा चार्जर

"हात नको लावू रे त्याले! बापू, हात नको लावू! मन्हं बोलनं आजून सरनं नही!"

अक्का अशी ओरडली की केळीच्या बागेतले पोपट उठले ते थेट सातपुड्यात जाऊन बसले. माझा हात चार्जरच्या प्लगपासून वीतभर लांब होता, तो मी मागे घेतला. भर दुपार... बाहेर वैशाखाचं ऊन असं, की सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसलेली. घरात आम्ही दोघंच भाऊबहीण. आणि तिसरा तो चार्जर, पत्र्याच्या स्टुलावर बसून घूंऽऽऽ करणारा.

आता इथे जरा थांबतो. कारण या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. कोणाला पिंपळावर बाई दिसते, कोणाला विहिरीतून हाक येते... मला आजवर विहिरीतून फक्त जळालेल्या मोटारी आल्या. जळगावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. तारेतून काय जातं ते मी जाणतो, आणि तारेशिवाय काही जातं असं कोणी म्हणालं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवतो. दुसरी गोष्ट — मला जरा फुगवून सांगायची सवय आहे. आमच्या गल्लीत माझं बोलणं एक शून्य काढून ऐकतात. तुम्हीही खुशाल काढा. पण हे लिहिताना मी एकही शून्य वाढवलेलं नाही. पोपट सोडून.

अक्का माझी थोरली बहीण. अमळनेरहून चोपड्याकडे जाताना तापीच्या अलीकडे तिचं गाव, आणि गावापासून चांगल्या तासाभराच्या चालीवर तिचा मळा. भाऊजी गेले, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, आणि ही केळीच्या बागेत एकटी. सालदार गडी सकाळी येऊन पाणी धरून जायचा, तोही बहिरा. अक्काचे दोन्ही गुडघे धरलेले, त्यामुळे लांबचं चालणं बंद. लुना चालवायची तर पायडल मारायला गुडघे हवेत. संध्याकाळी गावात डेअरीवर दूध घालायला जायचं आणि तिथल्या ओट्यावर बायकांमध्ये घटकाभर बसायचं, हेच तिचं जग होतं. ते तुटलं. मी दिवाळीला गेलो तर माझ्याशी बोलताना ती शब्द शोधत होती. आमची अक्का! जिने लग्नात भटजीला मध्येच थांबवून स्वतःची गोष्ट पुरी केली होती!

म्हणून मी गाडी बनवली. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट, बॅटरीवर चालणारी दुचाकी तेव्हा आमच्याकडे कोणी स्वप्नातही बघितली नव्हती. इंजिन जाम झालेली मोपेड घेतली, इंजिन काढून फेकलं. एका कारखान्यात बॅटरीवर माल वाहणाऱ्या गाडीची चोवीस व्होल्टची मोटार भंगारात सापडली, ती चेनला जोडली. पायाशी एक आणि मागे एक अशा ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या. वेग म्हणाल तर बैलगाडीला ओव्हरटेक करायची, पण आधी बैलाचा मूड बघून. आवाज मात्र अजिबात नाही. गावातली कुत्री पहिले काही दिवस नुसती बघत राहिली, भुंकायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना. गावाने नाव ठेवलं — मुकी. अक्का मुकीवर बसून डेअरीवर गेली त्या संध्याकाळी ओट्यावरच्या बायकांना घरी जाऊन स्वयंपाक करायला उशीर झाला असं मी ऐकलं.

पण गाडी करणं सोपं, तिला चारा घालणं अवघड. पहिला चार्जर मी ट्रकच्या गॅरेजमधला दणकट आणून दिला. म्हटलं, दोन तासांत काम तमाम. दोन तासांत बॅटऱ्याच तमाम होत होत्या! आतलं पाणी भाजीला उकळी यावी तसं खदखदलं, घरभर आंबट वास. तेव्हा शहाणा होऊन धुळ्याला गेलो. आग्रा रोडच्या मागे एका गल्लीत बॅटरी चार्जिंगचं जुनं दुकान होतं, म्हातारा मालक ते बंद करायच्या बेतात होता.

"बॅटरी किती ॲम्पियरची?" त्याने विचारलं.

"ऐंशीची. दोन. चोवीस व्होल्टवर."

"मग आठाच्या वर जायचं नाही. दहावा हिस्सा. तुम्ही काय घातला होता?"

मी सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तान्ह्या पोराला मटण खाऊ घातलं होतं.

त्याने फळीवरून स्वतःचाच चार्जर काढला. हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी, पुढे काचेत ॲम्पियरचा काटा, लाल-काळ्या चिमट्यांच्या दोन वायरी. म्हणाला, "सावकाश भरतो, पण पोटभर भरतो. फक्त एक. बॅटरीची झाकणं उघडी ठेवायची आणि लावून निघून जायचं नाही. जवळ बसायचं. मधून मधून तळहात लावून बघायचा, गरम लागली की बंद. मी जन्मभर याच्या शेजारीच बसलोय. तुमच्याकडे बसणारं कोणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तिला बसण्याशिवाय दुसरं कामच नाही."

हेच मी अक्काला सांगितलं — लावून उठायचं नाही, जवळ बसायचं. बस्स! अक्काने ऐकलं, आणि बसली.

मग आला वैशाख. अक्काच्या गावचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "आमनी डीपी जळी गई शेठ. सगळ्यास्नी एकदम मोटारी टाक्यात. आते नवी कव्हय ई, देवले म्हाईत." किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, पंधरवडा होऊन गेला.

 डीपी म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, तो नाही म्हणजे लाइट नाही, लाइट नाही म्हणजे मुकी मेलेली, आणि मुकी मेली म्हणजे अक्का पुन्हा त्या बागेत कोंडलेली. मी मनाशी ठरवलं, आता ऐकायचं नाही, तिला जळगावला आणायचं. तसा मी आधीच आपला सहज म्हणून आतल्या खोलीला चुना मारून घेतला होता. सहज एक पलंगही आणून ठेवला होता. त्याच्यावर गादी, गादीवर नवी चादर. सगळं सहजच.

सकाळच्या गाडीने अमळनेर, तिथून एसटी. डेअरीवर उतरून विचारलं, "आमच्या अक्काची काही खबर?"

दूध मोजणारा म्हणाला, "खबर काय? काल संध्याकाळले तं उनी ती मुकीवर. दोन तास बठनी. आमनं डोकं खाई टाकं."

"लाइट आली का मळ्यात?"

"लाइट? गावमा नही तं मळामा कोठेन ई?"

मी उन्हातून चालत मळ्यात पोचलो तेव्हा माझ्या टाळूवर पापड भाजून निघाला असता. दारापाशी आलो तर आतून अक्काचा आवाज. कोणाशी तरी बोलत होती. शेजारीण आली असेल म्हणून मी बाहेरच थांबलो. ती सांगत होती की परवा भाजीत मीठ जास्त पडलं. पण 'खारट झाली' असं म्हणायला समोर कोणी नाही, म्हणून तिने ती तशीच खाल्ली, आणि मग तिला ती खारट लागेनाशी झाली. मग भाऊजींच्या खोकल्याचं काही. मग सुरतेचं, की पोरगी चिठ्ठीत फक्त 'काळजी घे' लिहिते आणि काळजी कशी घ्यायची ते लिहीत नाही. मध्ये ती थांबायची, आणि त्या थांबण्यात घूंऽऽऽ ऐकू यायचं.

आत गेलो. शेजारीण नव्हती. मुकी भिंतीला टेकवलेली, बॅटऱ्यांची झाकणं उघडी, चिमटे लावलेले, आणि अक्का जमिनीवर पाय लांब करून चार्जरसमोर बसलेली. काटा सहाच्या पुढे.

मी आधी टेस्टर काढला. तो माझ्या खिशात असतोच, आंघोळीला जातानासुद्धा. बोर्डावरच्या मोकळ्या भोकात घातला, दिवा नाही. मीटरपाशी गेलो, तिथेही नाही. बाहेर खांबावरची तार बघितली, शेजारच्या शेतातून कोणी आकडा टाकलाय का बघितलं. शेजारच्या शेतातही तीच डीपी. मग परत येऊन प्लगला हात घालायला गेलो, आणि तेव्हा ती ओरडली. जिथून ही गोष्ट सुरू केली तिथे आपण आलो.

"तू बोलत होतीस?" मी विचारलं. "याच्याशी?"

"तूच तं सांगेल शे. लाईसन उठानं नही, जोडे बठानं. मंग मुक्यानं बठू का?" मग जरा लाजून म्हणाली, "डीपी जळनी तव्हय बंद पडी गयथा. सवय, म्हनीसन मी बठनी नि बोलनी. मंग सुरू व्हयना. मी बोलस तं भरास."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. आम्ही दोघं गप्प बसलो. काटा हळूहळू उतरला... चार, तीन, एक. घूं थांबलं. आयुष्यात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. केळीचं पान हललेलंही कळत होतं.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? तू बठेल शे ना समोर. आते काय बोलनं?" ती उठली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला मागे गेली.

मी एकटा उरलो. पहिलं काम, प्लग ओढून काढला. वायर बोटात धरून बसलो. म्हटलं, कोण बघतंय, बोलून तरी बघू. आणि सुरू केलं. माझी एकेक तोफ! पारोळ्याच्या पाटलाच्या मोटारीत मी तार अशी भरली की तिने विहिरीतलं पाणी संपवून शेजारच्या विहिरीतलं ओढलं. वरणगावचा एक माणूस माझ्या हातचा पंखा घेऊन गेला, तो लावल्यावर त्याचं छप्पर दोन बोटं वर उचललं... या गोष्टींवर अख्खी गल्ली लोळते. काटा शून्यावर. ढिम्म! अशी टपली मारली काचेवर, तरी ढिम्म.

मी प्लग मांडीवर ठेवला. आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, तोंडातून आपोआप निघालं. म्हटलं, मी दुकान बंद करून घरी जातो तेव्हा कुलूप काढायच्या आधी दार वाजवतो. आतून कोणी येणार नाही हे ठाऊक असतं. सुमन, माझी बायको, जाऊन तिसरं वर्ष. पण वाजवतो. जरा थांबतो. मग कुलूप काढतो.

घूंऽऽ.

काटा हलला. मी प्लगकडे बघितलं, तो माझ्या मांडीवर होता. मी पळून जायला हवं होतं. तुम्ही पळाला असता. मी मात्र बोलत राहिलो. खानावळीत मी मुद्दाम उशिरा जातो, म्हणजे वाढपी मोकळा असतो आणि दोन शब्द बोलतो. आतल्या खोलीतला पलंग अक्कासाठी आणलाय असं सगळ्यांना सांगतो. गल्लीत सगळे हसतात माझ्या गोष्टींवर, आणि हसून झालं की आपापल्या घरी जेवायला जातात. काटा तीनवर गेला, चारवर गेला. बॅटरीतून बारीक बुडबुडे यायला लागले.

मान वर केली तर अक्का मागच्या दारात बादली घेऊन उभी. कधीपासून उभी होती कोण जाणे.

नंतर मी तो चार्जर खोलून बघितला आहे. एकदा नव्हे, अनेकदा. ट्रान्सफॉर्मर, पत्र्यांचा रेक्टिफायर, काटा — बस, बाकी काही नाही. धुळ्याला गेलो तर त्या दुकानाच्या जागी कापडाचं दुकान, म्हाताऱ्याचा पत्ता कोणाला माहीत नाही. बॅटरीकडूनच काटा हलला असेल असं एक इंजिनियर म्हणाला. मी म्हटलं, मग तो उलटा पडला असता, आणि हायड्रोमीटर घालून बघितलं तेव्हा बॅटरीतल्या ॲसिडची घनता वाढली होती, ती कशी? तो म्हणाला, तुमच्या बोलण्यातलं एक शून्य काढतो. नवी डीपी पुढे पावसाळ्याच्या तोंडावर बसली आणि चार्जर चारचौघांसारखा भिंतीच्या प्लगवर चालायला लागला. मला आजही काही सांगता येत नाही. तारेतून काय जातं ते मी जाणतो, एवढंच.

त्या दुपारी मात्र मी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, उभा राहिलो, आणि ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. "अक्का, चल माझ्यासोबत जळगावला. कायमची. खोली तयार आहे."

अक्काने बादली खाली ठेवली, वाकून बॅटरीला तळहात लावला, आणि म्हणाली, "आजून आर्धीच भरेल शे. पुढला रविवारले बोलाले ये."