रक्ताचा डाग असलेलं पत्र

मंडळी, आज दुपारी रनाळ्यात आमच्या घरात रक्त सांडलं.

माझे कॅप्टन काका लढाईत गेले. त्यांची शौर्यपदकं काकी देव्हाऱ्यात ठेवते, दर दसऱ्याला चिंचेनं घासून पुजते. जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस पुण्याहून मीच बोलावला होता. नुसती किंमत कळावी म्हणून.

काकीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं पदकं उलटीपालटी करून पाहिली. “घासून घासून कडेवरचं नावच पुसलंत की हो! भाव निम्म्यावर आला.”



मग तो पदकांशेजारची, काकांनी लढाईवरून धाडलेली पत्रं चाळू लागला. “रक्ताचा डाग असलेलं एखादं आहे का? त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं.”

काकीनं तोच पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात मांडीवर पडला. तिनं परत हाणला. रक्त त्याच्या हातातल्या पत्रावर सांडलं.

काकी धापा टाकत आमच्या बोलीत म्हणाली, “हाई ले, पडना डाग. आते सांग भाव.”

मी तिचा हात धरला नाही. तुम्ही धरला असता?